पाठीवरचे वळ आणि ताब्याचा अर्ज

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी केज तालुक्यातला, सध्या वाळूजला कंपनीत कामाला आहे. तीन वर्षांपूर्वी बीडच्या कोर्टात संमतीनं सोडचिठ्ठी झाली. लेकरू आईकडं राहील, दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी मला भेटेल, असं लिहून मी सही केली. पुढं तिनं दुसरं लग्न केलं. आता ती धारूर तालुक्यात राहते. पोरगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. मागच्या महिन्यात अंघोळ घालताना त्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले, मांडीवर भाजल्याची खूण होती. विचारलं तर म्हणाला, ‘चुलीपाशी पडलो.’ या रविवारी पुन्हा नवे वळ. परत सोडायला गेलो तर एसटीतून उतरेना. दसरा झाला की ते दोघं टोळीबरोबर ऊसतोडीला जाणार, पोरालाही नेणार. माय म्हणती, उचलून आण, काय व्हायचं ते होऊ दे. गावातले म्हणतात, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) टाक, लगेच ताबा मिळतो. माझी पोटगी सात महिन्यांची थकली आहे. सही करून दिली म्हणून माझा हक्क गेला का?
– एक बाप, वाळूज

भाऊ, हक्क गेलेला नाही. मुलाच्या ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, मग तो संमतीनं झालेला असला तरी. सर्वोच्च न्यायालयानं १९७३ च्या रोझी जेकब खटल्यापासून हेच धरून ठेवलं आहे. लेकरू ही आईबापानं वाटून घ्यायची मालमत्ता नाही, त्याचं हित ज्यात असेल तसा आदेश बदलतो. तुमच्या सहीनं तुम्ही तेव्हाची सोय मान्य केलीत. पाठीवरचे वळ त्यात मान्य केले नव्हते.

पण तुम्ही पत्रात दोन कामं एकत्र गुंफली आहेत, ती आधी सुटी करा. एक काम म्हणजे मार थांबवणं. ते दवाखाना, १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी), बाल कल्याण समिती आणि पोलीस यांच्याकडं होतं, आणि तासादिवसांत सुरू होतं. दुसरं काम म्हणजे ताबा. तो न्यायालय देतं आणि त्याला महिने लागतात. लोक काय करतात, ताब्याच्या अर्जातच माराचा मुद्दा घालतात आणि तारखेची वाट बघत बसतात. मग समोरचा वकील एकच प्रश्न विचारतो: ‘वळ जूनमध्ये दिसले, मग डॉक्टरकडं ऑक्टोबरपर्यंत का गेला नाहीत?’ याला उत्तर नसतं. उलट ज्याच्याकडं त्या दिवसाचा केसपेपर असतो, त्याला फार बोलावं लागत नाही. मागच्या महिन्याचे वळ गेले, ते गेलेच. त्याची तारीख, वार, वेळ आणि कुणी पाहिलं एवढं आजच वहीत लिहून ठेवा. या रविवारचे वळ अजून असतील, पण लेकरू तिकडं आहे. म्हणून पुढच्या रविवारची वाट न बघता आजच १०९८ ला फोन करा.

हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि २०२३ पासून सरकारच चालवतं. फोनवर ‘माझी बायको वाईट आहे’ असं सुरू करू नका. लेकराचं वय, गाव, तालुका, शाळा, काय खूण दिसली, कधी दिसली, घरात कोण कोण आहे आणि दसऱ्यानंतर मुलाला जिल्ह्याबाहेर नेणार आहेत, एवढं सांगा. शेवटचं विसरू नका, त्यामुळं घाई कशाची ते कळतं. तक्रारीचा नोंद क्रमांक मागून घ्या. दुसऱ्या दिवशी बीडच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जा. जिल्हा बाल संरक्षण कक्ष त्यांच्याच अखत्यारीत असतो. ‘मा. अध्यक्ष, बाल कल्याण समिती’ अशा नावानं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे तुमच्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख. तोंडी ‘बघतो’ ही पोच नव्हे.

समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. बाल न्याय अधिनियम २०१५ खाली समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. समिती घरी माणूस पाठवून सामाजिक तपासणी अहवाल मागवते. कायद्यात त्याला १५ दिवस दिले आहेत आणि पूर्ण चौकशीला चार महिने. अर्जात हा अहवाल तुम्हीच मागा, आणि तुमच्या वाळूजच्या खोलीचीही तपासणी करा असंही लिहा. स्वतःहून दार उघडणाऱ्या माणसाबद्दल संशय कमी होतो.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, नाहीतर हादराल. चौकशी चालू असताना समिती लेकराला काही दिवस बालगृहातही ठेवू शकते. ते टाळायचं असेल तर अर्जात स्पष्ट लिहा: ‘मी जन्मदाता बाप आहे, मुलाला ठेवायला घर आहे, माझी आई चोवीस तास घरी आहे, चौकशीपुरतं मूल माझ्या हवाली करावं, समिती म्हणेल तेव्हा हजर करीन.’ आणि समितीकडून कायमच्या ताब्याची अपेक्षा ठेवू नका. आईबापांच्या भांडणात ताबा कुणाचा हे ती ठरवत नाही, ती न्यायालयात जायला सांगेल. तिचं काम आज रात्री लेकरू कुठं सुरक्षित झोपेल ते बघण्याचं.

आता तुमच्या मायचा सल्ला. ‘उचलून आण’ म्हणणाऱ्या आजीचं काळीज कळतं, पण न्यायालयाचा आदेश आईच्या बाजूनं असताना मूल दडवलं तर आदेशभंगाचा अर्ज येतो, पोलीस दारात येतात, आणि ज्या न्यायाधीशापुढं तुम्हाला ताबा मागायचा आहे त्यांच्याच फायलीत ते लागतं. मात्र ठरलेल्या रविवारी लेकरू तुमच्याकडं आलं आणि अंगावर ताजी जखम दिसली, तर त्याला मुकाट्यानं परत नेऊन सोडायचं, असंही नाही. मूल लपवून ठेवणं वेगळं आणि दाखवून ठेवणं वेगळं. दाखवून ठेवायचं म्हणजे त्याच दिवशी सरकारी दवाखाना, तिथूनच १०९८ ला फोन, पोलीस ठाण्यात लेखी खबर, आईला मेसेज की ‘लेकराला लागलंय, अमुक दवाखान्यात आहे, समितीला कळवलंय’, आणि मूल समितीपुढं हजर. कायद्यानं प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत हजर करायचं असतं. समितीची बैठक नसेल तेव्हा एका सदस्यापुढंही हजर करता येतं, म्हणून ‘रविवार आहे’ हे कारण चालत नाही. त्यानंतर मूल तुमच्याकडं राहिलं तर ते समितीच्या आदेशानं राहील, तुमच्या मनगटाच्या जोरावर नाही.

दवाखान्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो. गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडं नेलं तर तो मलम आणि वेदनाशामक लिहून देतो. चिठ्ठीवर ‘पाठदुखी’. त्या चिठ्ठीचा काही उपयोग नाही. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, किंवा तुम्हाला जवळ म्हणजे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. रविवारी ओपीडी बंद असेल, अपघात विभाग उघडा असतो. तिथं ‘एमएलसी करा’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद. डॉक्टरांना कपडे पूर्ण काढून डोक्यापासून पायापर्यंत बघायला सांगा, नुसती पाठ नाही. प्रत्येक खूण कुठं आहे, किती सेंटिमीटर, कुठल्या आकाराची, ताजी की खपली धरलेली हे लिहून घ्या. लेकरू जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत केसपेपरवर येऊ द्या. तुम्ही त्याच्या आधी बोललात तर कागदावर ‘वडिलांनी सांगितल्यानुसार’ असं येतं आणि त्याचं वजन निम्मं होतं. हात-पाय दुखतो म्हणत असेल तर एक्स-रे मागा, जुनं जुळलेलं हाड त्यात दिसतं.

डॉक्टर काय बघतात हे तुम्हालाही ठाऊक असावं. खेळताना पडलेल्या पोराला लागतं ते नडगीवर, गुडघ्यावर, कोपरावर, कपाळावर. पाठ, कुल्ले, कान, मान, दंडाचा आतला भाग इथं पडून सहसा लागत नाही. पट्ट्याचा किंवा वायरचा वळ दोन समांतर रेषांसारखा उठतो, मधली जागा फिकट राहते. विडी-सिगारेटचा चटका साधारण ८ ते १० मिलिमीटरचा गोल खड्डा पाडतो. उलथनं किंवा सळई टेकवली तर त्या वस्तूच्या कडा कातडीवर उमटतात. चुलीपाशी पडलेल्याचं भाजणं वेडंवाकडं, पसरट असतं. पोरगा ‘पडलो’ म्हणाला ते खरंही असू शकतं. खुणेचा आकार बघून डॉक्टरच सांगतील, तुम्ही आधीच निकाल देऊ नका. आपल्याकडं आणखी एक भानगड आहे, बिब्बा. खोकल्याला, पोटदुखीला पोटावर-छातीवर बिब्बा लावतात, त्यानं फोड येऊन काळे डाग पडतात आणि ते चटक्यासारखेच दिसतात. इसबाच्या आणि पू धरलेल्या फोडांच्या खपल्याही गोल असतात. अशा डागाला ‘सिगारेटचा चटका’ म्हणून तक्रार केली आणि डॉक्टरांनी बिब्बा लिहिला, तर खऱ्या वळांवरचाही विश्वास उडतो. आणि वळाच्या रंगावरून ‘हा चार दिवसांपूर्वीचाच’ असं ठाम सांगता येत नाही, कुणी कितीही छातीठोक सांगो.

दवाखान्यात जाण्याआधी हळद, तेल, मलम लावू नका. फोटो काढा, पण नीट: दिवसाच्या उजेडात, आधी चेहरा आणि जखम एकत्र दिसेल असा एक, मग जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. कॅमेऱ्यात फिल्टर नको. मूळ फोटो त्याच फोनमध्ये राहू द्या आणि खटला संपेपर्यंत तो फोन विकू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत फोटो दाबला जातो, त्यातली तारखेची माहितीही जाते. न्यायालयात असे फोटो देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे आता दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. आणि हे फोटो भावकीच्या ग्रुपवर, स्टेटसला किंवा गावातल्या यूट्यूब चॅनेलवाल्याला द्यायचे नाहीत. अशा मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी ते पोरगं उद्या त्याच शाळेत जाणार आहे.

लेकराशी बोलायचं कसं? एकदाच, आणि सैल प्रश्नानं. ‘हे कशानं झालं रे?’ एवढंच. तो गप्प बसला तर गप्प बसू द्या. ‘नव्या पप्पांनीच मारलं ना? पट्ट्यानं ना?’ असं विचारलं की उत्तर तुम्हीच दिलेलं असतं. मग तो दहा जणांपुढं तेच म्हणेल आणि समुपदेशक दोन प्रश्नांत ओळखतील की पढवलेलं आहे. व्हिडिओ काढत उलटतपासणी तर मुळीच नको. त्यानं आपणहून सांगितलं तर लगेच वहीत त्याचेच शब्द, तारीख, वेळ, तिथं कोण होतं ते लिहा. तो ‘वायरीनं हाणलं’ म्हणाला तर ‘वायरीनं हाणलं’ असंच, ‘अमानुष मारहाण केली’ असं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, तुम्हाला सांगावं लागणार आहे. आणि पहिल्यांदा खरं बोललेलं पोर परत त्याच घरात गेल्यावर जबाब फिरवतं, हे इतकं नेहमीचं आहे की त्याचा राग धरू नका. रात्री भाकरी कोण देणार हे त्याला कळतं. म्हणूनच पहिला जबाब लवकर नोंदला जाणं महत्त्वाचं.

पोलिसांकडं. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकानं नोंदवून ते पुढं पाठवतात. साध्या मारहाणीला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ ला, अदखलपात्र नोंद होते आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. पण तापलेल्या वस्तूनं किंवा विस्तवानं केलेली दुखापत कलम ११८ मध्ये येते आणि ती दखलपात्र आहे. म्हणून मांडीवरच्या त्या खुणेबद्दल डॉक्टरांनी काय लिहिलं यावर बरंच ठरतं. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानंच छळ केला तर बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठाण्यात घेतलं नाही तर तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपा. त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडं जाता येतं.

गावातल्यांनी सुचवलेला पोक्सो मात्र डोक्यातून काढा. लेकरू स्वतः लैंगिक अत्याचाराचं काही बोललं, किंवा डॉक्टरांना तशी खूण दिसली, तर तक्रार करणं तुमच्या मर्जीवर नाही, कलम १९ नं ते बंधनकारकच आहे. त्या वेळी एक दिवसही थांबू नका. तसं काही नसताना बदनामीसाठी किंवा दबावासाठी तो लावला तर कलम २२ खाली तुमच्यावरच सहा महिन्यांपर्यंतची कैद येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे आठ वर्षांच्या पोराला नको त्या प्रश्नांना आणि तपासणीला सामोरं जावं लागतं, आणि ते खोटं पडलं की पट्ट्याचे वळही खोटेच ठरवले जातात.

आता ताब्याचा अर्ज. मूल जिथं नेहमी राहतं त्या जिल्ह्यातलं न्यायालय, हे पालक व पाल्य अधिनियम १८९० च्या कलम ९ चं सूत्र. तुम्ही वाळूजला असलात तरी छत्रपती संभाजीनगरचं न्यायालय चालणार नाही, बीड जिल्ह्यातच जावं लागेल. तुमच्या संमतीच्या निकालात ताब्याची अट असल्यामुळं हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयात आदेश बदलून मागणं हा सरळ रस्ता दिसतो. दुसरा रस्ता १८९० च्या अधिनियमाच्या कलम २५ चा. निकालाची प्रत बघून वकील ठरवतील. प्रमाणित नक्कल काढायला आजच अर्ज टाका, ती हातात पडायला वेळ जातो. (मुस्लिम वाचकांनाही १८९० चा अधिनियम लागू आहे, सोबत वैयक्तिक कायदा विचारात घेतला जातो. बौद्ध कुटुंबांना हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ लागू होतो.) पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं, हा नियम तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला लागत नाही. १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि आई, त्यात सावत्र बाप येत नाही. पण एवढ्यावर ‘बाप म्हणून माझाच हक्क’ असं लिहून भागणार नाही, कारण त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की मुलाचं हित सगळ्यांत वर. अर्ज हक्कावर न लिहिता लेकराच्या दिवसावर लिहा.

आणि ऊसतोड इथं तुमच्या कामाला येते. पहिली गोष्ट नोटिशीची. दसऱ्याआधी आईला नोटीस बजावली गेली नाही, तर बेलिफ कुलूप बघून ‘घर बंद’ असा शेरा मारून परत येईल, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, तारखांवर तारखा. म्हणून अर्ज या पंधरवड्यात दाखल व्हायला हवा. मुकादमाचं नाव, कुठल्या कारखान्याची टोळी, कुठला तालुका ही माहिती आत्ताच काढून अर्जात लिहा. चार-सहा महिने कोपीत (तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीत) राहिल्यानं मुलाचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण बदलत नाही, ते गावच राहतं. तरी समोरून हा मुद्दा निघू शकतो, तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट मागणीची. पहिल्याच फटक्यात कायमचा ताबा मागितला तर न्यायालय पुरावा नोंदवल्याशिवाय पुढं सरकत नाही, ते साहजिक आहे. म्हणून मूळ अर्जात कायमचा ताबा मागा, पण सोबत अंतरिम अर्ज द्या: हंगाम संपेपर्यंत मूल बापाकडं राहावं. कारण दोन्ही बाजूंना नाकारता येणार नाही असं आहे. टोळीबरोबर गेलं तर तिसरीचं अर्धं वर्ष बुडतं, पहाटे चारला आई फडात जाते, कोपीवर लेकराकडं बघायला कुणी नसतं. त्यात केसपेपर जोडलेला असला की विनंतीला वजन येतं. आईची बाजू हंगामी वसतिगृहाचा पर्याय पुढं करील, म्हणजे मूल गावातच राहील, जेवण मिळेल, शाळा चालू राहील. तो पर्यायही लेकरासाठी टोळीपेक्षा बराच आहे, त्याला तुटून विरोध करू नका. तेवढे महिने ज्याच्यावर संशय आहे तो माणूसही घरात नसेल. फक्त रात्री मूल कुणाजवळ झोपणार ते आदेशात लिहून घ्या. आमचं मत विचाराल तर बापाचं घर तयार असताना वसतिगृह दुसऱ्या क्रमांकावर.

अंतरिम अर्जात आणखी काय मागायचं: वैद्यकीय तपासणी, समुपदेशकाचा अहवाल, शाळेचा हजेरीपट, मुलाला शारीरिक शिक्षा न करण्याचा दोघांनाही आदेश, आणि ताबा मिळेपर्यंत रोजचा फोन. २०२० च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की ज्याच्याकडं ताबा नाही त्या आई-बापाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता यावं. अर्जात त्याचा आधार घ्या. शाळेच्या गुरुजींना साक्षीला ओढायची घाई नको. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन हजेरी आणि नोंदी मागा. पाठ टेकवून बसत नाही, डबा नसतो, सोमवारी येत नाही, असं गुरुजींच्या वहीत काही असेल तर ते तुमच्या दहा नातेवाइकांच्या शपथपत्रांपेक्षा भारी.

न्यायाधीश तुमच्याकडं वळून काय विचारतील, तेही बघा. सेकंड शिफ्टला तुम्ही रात्री अकराला खोलीवर येता. तेव्हा पोराजवळ कोण? आजी गावी आणि तुम्ही वाळूजला, असं असेल तर ताबा मिळाला काय आणि न मिळाला काय. आजी वाळूजला येऊन राहणार असेल तर तिचं शपथपत्र जोडा. कंपनीकडून फर्स्ट किंवा जनरल शिफ्ट मिळत असेल तर तसं पत्र घ्या. भाडेकरार, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, जवळच्या शाळेचं अंतर हे कागद तयार ठेवा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो.

पोटगीचं मात्र कान पकडूनच सांगायला हवं. सात महिने थकवून ‘लेकराचं हित’ लिहिलेलं पहिल्याच तारखेला फाटतं. अर्ज दाखल करण्याआधी जमेल तेवढी थकबाकी भरा, उरलेल्याचे हप्ते अर्जात लिहा. पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, ‘पोटगी, अमुक महिना’ असा शेरा टाकून. रोखीनं, भावजीच्या हातानं दिलेले पैसे दिले नाहीत असंच धरा. आणि मूल भेटवलं नाही म्हणून पोटगी अडवणं हे कायद्यात कुठंही बसत नाही.

आईबद्दल दोन गोष्टी. तिनं दुसरं लग्न केलं, एवढ्यानं तिचा ताबा जात नाही. तिच्या चारित्र्यावर अर्जात एक ओळही नको, तशा अर्जांचा न्यायालयांना वीट आलेला आहे. आणि ज्या घरात पोराला पट्टा बसतो तिथं तिलाही बसत असण्याची शक्यता बरीच असते. तसं असेल तर ती तुमची विरोधक नाही, अडकलेली साक्षीदार आहे. कुणातरी मध्यस्थ बाईमार्फत, धमकी न देता, विचारून बघा. ती ‘हंगामापुरतं न्या’ म्हणाली तर स्टॅम्प पेपरवर पंचांच्या सह्या घेऊन समाधान मानू नका, तो कागद न्यायालयाचा आदेश बदलू शकत नाही. त्याच न्यायालयात दोघांच्या सहीचा अर्ज द्या किंवा लोक अदालतीत ठेवा. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याची तरतूद विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे, मुलांना आणि स्त्रियांना तर उत्पन्न न बघता. फोन १५१००. कुणी ‘थेट हायकोर्टाच्या खंडपीठात हेबिअस (अडवून ठेवलेल्या माणसाला हजर करायला लावणारी याचिका) टाकू, आठ दिवसांत लेकरू घरी’ म्हणून मोठी रक्कम मागितली तर सावध. मूल कुणी बेकायदा अडवून ठेवलं असेल तर तो उपाय चालतो. २०१९ च्या तेजस्विनी गौड खटल्यात आई वारल्यावर मूल तिच्या नातेवाइकांकडं होतं, आणि बापाला ताबा मिळाला. तुमचं मूल न्यायालयाच्या आदेशानं आईकडं आहे, तुमची गोष्ट वेगळी.

न्यायाधीश लेकराशी आपल्या दालनात एकट्यानं बोलतील. आदल्या दिवशी सायकल किंवा मोबाइल घेऊन देऊ नका, ते पहिल्या दोन मिनिटांत बाहेर येतं. तो ‘आईजवळ पण राहायचंय’ म्हणाला तर तो तुमच्या विरोधात बोलला असं नाही. आठ वर्षांचं लेकरू दुसरं काय म्हणणार?

एवढं सगळं करूनही आदेश वेळेत झाला नाही आणि तो टोळीबरोबर गेला, तर त्याला जाण्याआधी एक शून्य नऊ आठ पाठ करून द्या, पाढ्यासारखा. कुणाच्याही फोनवरून लागतो, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक कुठल्याही जिल्ह्यात चालतो आणि मूल जिथं सापडेल तिथली समिती त्याला बघते, नंतर प्रकरण बीडला पाठवता येतं. मुकादमाचा नंबर तुमच्याजवळ असू द्या. टोळीतल्या एखाद्या ओळखीच्या बाईला ‘आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोलून बघा’ एवढं सांगून ठेवा. त्यानं ‘मला न्यायला कधी येणार?’ विचारलं तर तारीख देऊ नका. भेटीचा पुढचा दिवस सांगा, आणि त्या दिवशी जा.